ओल १४

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात माझी वकिली. कापसाचा हंगाम संपला की हिशेबाचे तंटे सुरू होतात आणि पुष्कळसे आधी ठाण्यात जातात. दिवाणी दावा वर्षानुवर्षं रेंगाळतो, फसवणुकीचं कलम (जुनं ४२०) लागलं की माणूस लगेच वाकतो. इंडियन ऑइल विरुद्ध एनईपीसी या २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या सवयीवर ताशेरे ओढले होते. ते ठाणेदाराच्या टेबलापर्यंत काही पोचले नाहीत.

माझा पक्षकार खेडा खरेदीवाला, म्हणजे गावोगाव कापूस घेऊन जिनिंगला घालणारा. २०१०-११ चा हंगाम, हमीभाव तीन हजार आणि बाजार सहा हजारांच्या वर. जिनिंगमालकाची उचल फिटून वर याचेच पैसे निघत होते. याने नोटीस पाठवली. पोचपावतीवर मालकाची सही झाली आणि त्याच आठवड्यात गुन्हा दाखल: उचल घेतली, बोंडही दिलं नाही. दोन रात्री कोठडी, सात वर्षं तारखा, मग निर्दोष.

खोट्या खटल्याच्या भरपाईसाठी मुदत सुटकेपासून एकच वर्ष. लोक पेढे वाटून घरी बसतात. हा मुदत सरता सरता आला. पण नुसतं सुटून भागत नाही. फिर्यादीला वाजवी कारण नव्हतं आणि मनात खोट होती, दोन्ही वादीनेच सिद्ध करायचं. त्यात आमची सुटका संशयाचा फायदा देऊन झालेली. शिवाय समोरच्याचा ठरलेला बचाव: मी फक्त खबर दिली, खटला सरकारने चालवला. त्याला उत्तर प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या शेवटच्या अपील कोर्टाच्या, १९०८ च्या गया प्रसाद निकालात आहे. जाणूनबुजून खोटी खबर देणाऱ्याला पोलिसांच्या आड लपता येत नाही.

म्हणजे मालकाला ठाऊक होतं, हे दाखवायचं. उलटतपासात वजनकाट्याच्या पावत्या पुढे केल्या तर मालक म्हणाला, "काट्यावर कोणाचीबी गाडी येते, माल आमी घेतला नाई." मग मी एक पावती उलटी करून हातात दिली. मागे निळ्या पेनाने लिहिलेलं: ओल १४, आणि खाली कडत्याचे, म्हणजे ओलीपोटी वजनातून कापलेले, किलो.

"अक्षर कोणाचं?"

त्याने चष्मा वर-खाली केला. "माझंच दिसते."

"माल घेतलाच नाही, तर ओल कशाची मोजली? कडता कशाचा कापला?"

तो मुनीमजीकडे बघत राहिला. तपासी अंमलदाराने सात वर्षांत ती पावती एकदाही उलटून पाहिली नव्हती.

खरी अडचण नुकसानीची. वकिलांच्या फीची पावती हवी, आणि आमच्या बारमध्ये फीची पावती देणारा वकील मला तरी माहीत नाही. एका शेतकऱ्याने मात्र साक्षीत सरळ सांगितलं, पोलीस घरी आले तेव्हापासून याला उधारीवर कापूस दिला नाही. पक्षकाराचं वेगळंच: "वकीलसाहेब, मले पैसे नाई पायजे. त्यानं चौकात येऊन सांगावं, हिशेबाचं भांडण होतं." तसा हुकूम मी कुठून आणू? कोर्ट फी तर रुपयांवर भरलीय.

पुढच्या तारखेला युक्तिवाद आहे. कोठडीच्या दोन रात्रींचा आकडा मी दाव्यात घातलाय. तो कसा काढला असं साहेबांनी विचारलं तर काय सांगायचं, तिथे अजून अडलोय.