कॅरीबॅगेतले दाखले

आज दिवसभर वस्तीतल्या बारावी झालेल्या मुलांचे प्रवेश अर्ज भरून देत होतो. एका मुलीने कॅरीबॅगेत गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला असे सारे जपून आणले होते. पण आधार कार्डावर तिच्या आडनावातले एक अक्षर वेगळे निघाल्याने आमचा तासभर त्यातच गेला. (गुणांपेक्षा दाखलेच या मुलांची जास्त परीक्षा पाहतात, असे माझे स्पष्ट मत आहे.) वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील मुलींना शासकीय प्रवेश फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास २०२४-२५ पासून राज्यात शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे, हे तिच्या वडिलांना आजच कळले. “म्हणजे इंजिनीअरिंगलासुद्धा?” असे त्यांनी तीनदा विचारले. मुलगी मात्र काही न बोलता अर्जाची प्रिंट काळजीपूर्वक घडी करून त्याच कॅरीबॅगेत ठेवत होती.