भोवऱ्याचं नाक आणि न बोलणारे काका

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून फोन आला तेव्हाच सांगून टाकलं, गॅदरिंग आणि सहलीवर बाकीचे लिहितीलच, मी विमानांवर लिहिणार. आमची 1984 ची दहावी. बोर्डाची परीक्षा संपतेय न संपतेय तोच 3 एप्रिलला राकेश शर्मा अंतराळात गेला आणि अख्ख्या वर्गाला पायलट व्हायचं होतं. पण आम्हा चार-पाच जणांचं वेड त्याच्या आधीचं, आणि ते विमान उडवायचं नाही तर त्याचं मॉडेल बनवायचं.

नाशिकच्या पोरांना याचं नवल नव्हतं म्हणा. 1964 साली मिग-21 ही लढाऊ विमानं बांधायला जवळच ओझरला एचएएलचा विमान कारखाना सुरू झाला आणि तेव्हापासून नाशिककर त्या जागेलाच मिग म्हणतात. मिगला राहतो, मिगची बस, मिगला नोकरी. डोक्यावरून आवाज गेला की गणिताच्या तासाला पण माना वर. सरांची सुद्धा.

पहिलं खरंखुरं किट, म्हणजे प्लास्टिकचे सुटे भाग जोडून मॉडेल करायचा संच, वर्गात आलं ते एका दोस्ताच्या लंडनच्या मामांकडून, एअरफिक्स कंपनीचं स्पिटफायर हे लढाऊ विमान, 1:72 मापाचं. हा 72 आकडा काय भानगड आहे ते गणिताच्या सरांनीच उलगडून दिलं, सहा फूट म्हणजे 72 इंच, म्हणजे सहा फुटी माणूस या मापात बरोब्बर एक इंचाचा. बस, त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक गोष्टीला 72 ने भागायला लागलो, हेडसरांना सुद्धा. फ्रेममधून भाग काढायला अर्धं ब्लेड, घासायला पॉलिश पेपर, फटी बुजवायला एम-सील, आणि सोबतच्या ट्यूबमधला गोंद असला जहाल की प्लास्टिकच विरघळायचं, काचेवर बोट लागलं तर ठसा कायमचा. पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं मात्र ब्रिटिश हवाई दलाची, बाहेर निळं आणि मधोमध लाल. स्पिटफायर आपल्या हवाई दलानेही उडवलंय, मग निळं कशाला ठेवायचं? बाहेर हिरवं, मग पांढरं, मध्ये केशरी. हिरवा आला कार्यानुभवाच्या घोटीव कागदातून, पांढऱ्या टिकल्या शाळेच्या ऑफिसातल्या पंचिंग मशीनच्या पोटातून (शिपाईकाका मूठभर द्यायचे, कशाला ते कधी विचारलं नाही), आणि केशरी ठिपका स्केचपेनचा.

पण आम्हाला हवं होतं मिग, आणि त्याचं किट आमच्या ओळखीच्या एकाही दुकानात नव्हतं. मग रद्दीवाल्याकडे चकचकीत परदेशी मासिकं चाळायची, त्यात एखादं वरून-बाजूने-समोरून असं रेखाचित्र मिळालं की ट्रेसिंग पेपरवर उतरवायचं. पंखांचा विस्तार 7.15 मीटर, 24 ने भागला की जवळजवळ फूटपट्टीएवढा येतो, म्हणून माप 1:24 ठरलं. पंखाचा पुढचा उतार 57 अंशांचा, कोनमापकाचा आयुष्यात एवढा उपयोग मी पुन्हा केला नाही. धड ड्रॉइंग शीटच्या नळकांड्याचं आणि मिगच्या नाकातून टोक बाहेर काढणारा तो शंकू म्हणजे भोवरा! आर उपटून काढली, घासून घासून मापात आणला, आणि आपोआप वजनही पुढे आलं, नाहीतर तीन चाकांची मॉडेलं शेपटावर बसतात, किटवाले नाकात छर्रे भरतात ते त्यासाठीच.

अडलं ते कॉकपिटच्या आतल्या रंगावर. मासिकातले फोटो बहुतेक काळेपांढरे, 26 जानेवारीची परेड टीव्हीवर बघावी तर रंगीत टीव्ही कॉलनीत एखादाच आणि त्यात विमान दोन सेकंद. एक म्हणे राखाडी, एक म्हणे काळा, मी हिरव्याच्या बाजूने. हे भांडण आठवीपासून दहावीपर्यंत पुरलं, मधल्या सुट्टीत, सायकलवर, स्काउटच्या कॅम्पात.

आणि गंमत बघा, आमच्यातल्याच एकाचे वडील मिगला कामाला! रोज ते विमान हाताखालून जाणारा माणूस संध्याकाळी आमच्यासमोर खाटेवर बसून चहा प्यायचा आणि चकार शब्द बोलायचा नाही. कारखान्यातलं घरी आणायचं नाही, शब्द सुद्धा नाही, हा त्यांचा नियम. आम्ही मॉडेल पुढे धरायचो, काका, असाच असतो ना? ते चष्मा वर करून बघायचे आणि चहा प्यायचे. मग आम्ही त्यांचा चेहरा वाचायला शिकलो. शंकू फार बाहेर आला होता तेव्हा भुवई हलली, आत ढकलला, पुन्हा नेला, हलली नाही. शेपटाचं असंच झालं. रंगाला मात्र भुवईसुद्धा हलायची नाही. शेवटी बहुमताने राखाडी मारला, मी विरोधात.

आता एक बटण दाबलं की शंभर रंगीत फोटो, आणि खरं सांगतो, मला ते आवडतं, उगाच आमच्या वेळी वगैरे गळा काढणार नाही. फक्त तीन वर्षं भांडायला विषय मिळणार नाही एवढंच.

26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 निवृत्त झालं. त्यानंतरच्या दिवाळीत दोस्ताकडे गेलो, काका आता ऐंशीच्या पुढे. मोबाइलवर फोटो काढून दाखवला, कॉकपिट आतून चक्क फिरोजी. म्हटलं काका, आता तरी सांगा, हाच का? त्यांनी चष्मा वर केला, नीट बघितलं आणि म्हणाले, "फोटो दिसतोय ना तुला? मग मला कशाला विचारतोस?"