जोलोकियाची डबी

दाजी फौजेत. तेजपूरला पोस्टिंग असताना गेल्या वर्षी सुट्टीवर आले, तेव्हा ट्रंकेतून पाव किलो वाळलेली भूत जोलोकिया मिरची काढून दादाच्या हातात ठेवली. म्हणाले, "तुमच्या मिसळीला घाला, बघा गिऱ्हाईक कसं पळतंय."

साताऱ्यात तिखटाचं कुणाला कौतुक नाही. आमच्याकडे तिखटाला चटणीच म्हणतात आणि वर्षाची चटणी डंकावर कुटून आणल्याशिवाय उन्हाळा सरत नाही. पण ही मिरची त्यातली नव्हे. २००७ साली गिनीज बुकानं हिला जगातली सगळ्यात तिखट म्हणून नोंदवलं, दहा लाख स्कोव्हिलच्या वर (स्कोव्हिल म्हणजे तिखट मोजायचं माप). आपली ब्याडगी त्याच मापात काही हजारांत असते. तेजपूरच्याच डीआरडीओच्या, म्हणजे लष्करासाठी संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, प्रयोगशाळेनं या मिरचीवर काम करून जमाव पांगवायचे हातगोळे करायचं ठरवलं होतं. दाजींनी हे हसत हसत सांगितलं. वहिनीनं ती मिक्सरला लावली आणि थांबल्या थांबल्या झाकण उघडलं, तेव्हा कुणीच हसलं नाही. वरच्या मजल्यावरचे भाडेकरूसुद्धा खोकत जिन्यात आले.

दादाची स्टँडजवळ मिसळीची गाडी आहे. ती पूड त्यानं प्लॅस्टिकच्या भोकाच्या डबीत भरून गल्ल्याशेजारी ठेवली, 'स्पेशल' म्हणून. कटाच्या पातेल्यावर डबी धरायची, की वाफ भोकांत शिरायची आणि पूड चिकटायची. मग डबी तळहातावर आपटायची. असं करता करता एका सकाळी झाकणच निसटलं. पूड कटात कमी आणि दादाच्या तोंडावर जास्त. पंधरा-वीस मिनिटं नळाखाली डोळे धरून बसला होता. डॉक्टरांनीही तेच केलं, आणखी पाणी. हाताची आग मात्र पाण्यानं हलेना, कारण मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. हाताला आधी गोडंतेल चोळून मग साबण लावला तेव्हा कुठं थांबली. (डोळ्यात तेल-बिल घालायचं नाही, तिथं पाणीच.)

मी एमआयडीसीत एका वर्कशॉपला लेथवर आहे. दादाचे डोळे बघून मनात आलं, आपण रोज मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची मापं सांभाळतो, आणि घरात एक धड डबी करता येऊ नये?

पहिले दोन महिने वाया गेले म्हटलं तरी चालेल. भोकं बारीक केली, ती लवकर बुजली. मग दाबायची बाटली आणि टोकाला नळी, सॉसची असते तशी. ती तर सगळ्यात वाईट. बाटली दाबली की पुडीआधी हवा बाहेर येते आणि हवेबरोबर सगळ्यात बारीक धूळ. हे कळलं तेही अपघातानंच. मी चाचणीला जोलोकिया वापरतच नव्हतो, हळद वापरायचो, पांढऱ्या कागदावर, म्हणजे कुठं सांडली ते दिसतं. कागद स्वच्छ दिसायचा आणि मी खूश. एका रात्री लाइट गेली, मोबाइलची बॅटरी लावून बसलो होतो. बाटली दाबली आणि त्या उजेडाच्या पट्ट्यात पिवळा धूर उभा राहिलेला दिसला. खाली पडायचं नावच नाही, माझ्या नाकाच्या उंचीला तरंगत होता. खाली सांडलेली पूड पुसता येते, ही तरंगणारी आपण ओढून घेतो. त्या दिवसापासून प्रत्येक नमुना मी अंधारात बॅटरी लावूनच तपासला.

म्हणजे झटकायचं नाही, दाबायचं नाही, हवा हलवायचीच नाही. मोजून उचलायचं आणि अलगद खाली सोडायचं.

स्क्रू करून पाहिला, पिठाच्या गिरणीत पीठ पुढं ढकलतात तसला. फिरवायचा थांबवला तरी चिमूटभर मागाहून पडतंच, आणि मिरचीच्या बियांत तेल असल्यानं पूड आट्यांत दाबून लाडू होतो. सोडून दिला.

डोकं चाललं ते गावी, पेरणीच्या दिवसांत. चुलत्यांच्या ट्रॅक्टरला पेरणी यंत्र जोडलेलं होतं. पूर्वी चाड्यावर मूठ धरून बाई बी सोडायची, तिच्या हातावर सगळा हिशोब. आता पेटीखाली खाचांचा रूळ असतो. खाच वर आली की बियानं भरते, रूळ फिरला की खाली नळीत सोडते. चुलते खत भरत होते आणि मी यंत्राखाली उताणा पडून रूळ हातानं फिरवत होतो. "बी सांडतंय का रं?" म्हणून ते दोनदा ओरडले.

माझ्या रुळाला एकच खाच ठेवली. तळ गोल, कारण कोपरा असला की पूड तिथं धरून बसते. खाचेत साधारण पाव मिलिलिटर मावतं, चहाच्या चमच्याचा विसावा भाग. आणि यातच मला न मागता एक गोष्ट मिळाली. खाच वर असते तेव्हा खालच्या तोंडाला रुळाची भरीव बाजू असते, म्हणजे रूळ हेच झाकण. उघडी राहायची भानगडच नाही.

पहिला नमुना थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लॅस्टिकमध्ये काढून घेतला. शेगडीजवळ ठेवला आणि दोन तासांत मान टाकली; पीएलए साठेक अंशालाच मऊ पडतं हे मला आठवायला हवं होतं. शिवाय प्रिंटचे थर असतात, त्या रेघांत लाल पूड बसली ती ब्रशनंही निघेना. अशा वस्तूतून खायचं काही द्यायचं नाही, हे तिथंच ठरवलं. मग रूळ डेलरिनचा, म्हणजे एका कडक प्लॅस्टिकचा, लेथवर टर्न केला, डबीचं अंग ३०४ स्टेनलेस स्टीलचं.

लेथवाल्याची खोड म्हणजे फिटिंग घट्ट हवं. मी फट ०.१ मिलिमीटर ठेवली. हळद दोन दिवस चालली, मग ती फटीत शिरून रूळ असा आवळला की पकडीनं फिरवावा लागला. आमचे फोरमन बघून म्हणाले, "अरे, हे काय बेअरिंग आहे का? धूळ शिरणारच, तिला जागा दे." फट अर्ध्या मिलिमीटरची केली आणि दोन्ही बाजूंना सिलिकॉनची पातळ ओठासारखी पट्टी लावली, ती खाच पुसून सपाट करते. सोनाराच्या काट्यावर वीस वेळा मोजलं, ०.११ ते ०.१३ ग्रॅम. त्या रात्री मला झोप आली नाही, खोटं कशाला सांगू.

मग खरी जोलोकिया भरली आणि पाचव्या फेऱ्याला काहीच पडेना. वर पूड आहे, खाच रिकामी. बारीक तेलकट पूड रुळाच्या वर कमान धरून बसते, खाली पोकळी. नरसाळ्याचा उतार खडा केला, रुळाला तारेचं एक बोट जोडलं जे फिरताना कमान मोडतं. थोडा फरक पडला, पूर्ण नाही.

इथं वहिनीनं मला गप्प केलं. "भावजी, तुम्ही डबी सुधारताय, पूड कोण सुधारणार? पिठासारखी कशाला दळायची? भरड काढा." मी म्हटलं, तेलाचा हात लावू का, कुटताना उडू नये म्हणून बायका लावतात तसा? तीच म्हणाली, मग ती रुळातून खाली येईल का? बरोबर होतं. भरड केली तर कण जड, ते उडत नाहीत, पडतात. आणि कमानही धरत नाहीत. पुढं तिनं एक भाग जोलोकियात नऊ भाग भरड ब्याडगी मिसळली. आधी मीठ मिसळून पाहिलं होतं, पण साताऱ्याच्या पावसात मिठाला पाणी सुटलं. स्कोव्हिलनं १९१२ मध्ये तिखट मोजलं ते हेच करून, मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचं, तिखट लागायचं थांबेपर्यंत. मी वर्षभर स्टील कापत बसलो होतो आणि धोक्याचा मोठा भाग एका परातीत दहापटीनं उतरला. मला जरा लागलंच.

मुलांसाठी औषधाच्या बाटलीसारखं दाबून फिरवायचं झाकण लावलं, तर आईच्या संधिवाताच्या बोटांना ते उघडेना. म्हणून फिरवायची मूठच सुटी केली. मूठ काढली की रूळ फिरत नाही. ती गल्ल्याच्या आतल्या खिळ्याला टांगलेली असते.

एक मात्र राहिलंच. भरताना अजून धूळ उडते. पूड भरायची काचेची बाटली अंगणात, वाऱ्याकडं पाठ करून, ओल्या फडक्यावर ठेवून भरायची, मिक्सरचं झाकण दहा मिनिटं उघडायचं नाही, आणि मग रुळाचं डोकं बाटलीवर फिरवून घट्ट बसवायचं आणि बाटली उलटी करायची. यावर मला अजून काही सुचलेलं नाही.

डबी आता पातेल्यावर नेत नाहीत, तिच्याखाली चमचा धरतात आणि चमचा कटात जातो, म्हणजे वाफेचा प्रश्न उरत नाही. दोन नग गाडीवर आहेत, तिसरा अक्कासाठी करतोय. दादा मूठ फिरवतो, चमच्यात लाल ढीग पडतो, आणि तरीही सवयीनं डबीला वरून एक टपली मारतोच.