रिपोर्ट चांगला आलाय, मग एवढा थकवा कशाचा?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, कारण डायबिटीसवाले लोक मला सारखं हेच विचारतात, की गोळ्या वेळेवर चालू आहेत, एचबीएवनसी ७ आलंय, डॉक्टर पण छान म्हणाले, मग दुपार झाली की अंगातलं त्राण का जातं? मलाही शुगर आहे, त्यामुळे "वय झालं आता" हे उत्तर मी कुणाला देत नाही.

एचबीएवनसी ही रक्तातल्या शुगरची दोन-तीन महिन्यांची सरासरी. ७ म्हणजे सरासरी १५४ च्या आसपास, पण शुगर कधी ६० कधी २५० करत आलेली असू शकते, आणि ती वरखाली रिपोर्टमध्ये दिसत नाही, अंगाला मात्र जाणवते. शुगर चढली की रक्तात साखर भरपूर, पण इन्सुलिन कमी पडतं किंवा नीट काम करत नाही म्हणून स्नायूंना ती वापरता येत नाही, धरण उशाला आणि कोरड घशाला. साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीतून जायला लागते, जाताना पाणीही ओढून नेते, मग रात्री उठाउठ, झोपेचं खोबरं, वर अंगातलं पाणी कमी. आणि रात्री ७० च्या खाली गेली तर झोपेत कळतही नाही, सकाळी कपडे घामाने ओले आणि डोकं जड, एवढंच.

पण बऱ्याचदा दोष शुगरचा नसतोच! मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर व्हिटॅमिन बी-१२ कमी होऊ शकतं, हे तपासायचं राहूनच जातं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, किडनी हेही बघायला हवं (किडनी कमकुवत झाली की रक्त कमी होतं). जोरात घोरत असाल तर झोपेत श्वास अडकतोय का ते विचारा. आणि रोज उठून सुई, आकडे, "हे खाऊ का नको", याचाही शीण येतो हो, त्याला नाटक म्हणणाऱ्यांकडे सरळ दुर्लक्ष करा.

थकवा नक्की कधी येतो ते आठवडाभर लिहा, जेवल्यावर, उठल्या उठल्या की दिवसभर, आणि तेव्हाची शुगरही लिहा, डॉक्टरांना नुसतं "थकवा येतो" म्हणण्यापेक्षा हा कागद कामाचा. फक्त अचानक, कधी नव्हे इतकं थकायला झालं, थोडं चालून दम लागला, तर कागद-बिगद राहू दे, लगेच हॉस्पिटल गाठा. डायबिटीसमध्ये हार्टचा त्रास छातीत न दुखताही होतो.