डाळिंब्या सोलता सोलता हार्ड रॉक

रविवार, १३ जुलै २०२५, रात्री सव्वाअकरा

सकाळपासून रिपरिप. ही माहेरी गेलीय, त्यामुळे आईबरोबर डाळिंब्या सोलायला मला बसावं लागलं. मोड आलेले वाल समोर असले की दीड तास हलायचं नाव नको. म्हटलं, यंदाचे मेलोडिक हार्ड रॉकचे, म्हणजे दणकट गिटार पण गुणगुणता येईल अशी चाल असलेल्या रॉकचे, अल्बम सलग ऐकून टाकू. हिंजवडीच्या बसमध्ये तुकड्यातुकड्यानं ऐकून बनवलेल्या मताला काही अर्थ नसतो.

पहिला लावला डब्ल्यूईटी या बँडचा 'एपेक्स'. त्यांचा गायक जेफ स्कॉट सोटो यंदा साठीला टेकतोय. आवाजात जराशी खरखर आलीय, पण ती गाण्यांना शोभते. त्याच्या पाठोपाठ एक्लिप्सचा गेल्या वर्षीचा 'मेगालोमेनियम २'. तिसरं गाणं चालू असताना आई म्हणाली, "अरे, हे मगाशी झालं ना?"

"नाही गं, बँड वेगळा, गायक वेगळा."

"गायक असेल वेगळा. चाल त्याच माणसाची आहे."

चाळीस वर्षं सवाईला भारतीय बैठकीत बसून काढलेली बाई. इंग्रजी शब्द एक कळत नाही, पण पकडलं बरोबर. दोन्हीकडे चाली बांधण्यात एरिक मार्टेन्सनचा हात मोठा, आणि एक्लिप्समध्ये गातोही तोच. डब्ल्यूईटी हे नावच वर्क ऑफ आर्ट, एक्लिप्स आणि टॅलिस्मन या तीन बँडच्या आद्याक्षरांचं. हे सगळं मी उत्साहानं सांगितलं. ती "हं" म्हणाली आणि सालांची ताटली माझ्याकडे सरकवली.

तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. हे दोन्ही अल्बम काढणारी फ्रंटियर्स ही नेपल्सची रेकॉर्ड कंपनी, १९९६ साली निघालेली. नावसुद्धा जर्नी या बँडच्या १९८३ च्या अल्बमवरून घेतलेलं. नव्वदीत ग्रंज या खरखरीत, उदास रॉकची लाट आली आणि आमचं संगीत एका रात्रीत जुनाट ठरलं. तेव्हा असल्या वेड्या लोकांनी ते जगवलं, त्यांचे उपकारच आहेत. पण आता तीच दोन-चार माणसं पाच-पाच बँडना गाणी पुरवतात. गायक एका देशात, ड्रमर दुसऱ्या देशात, फायली इकडून तिकडे. वाईट काही नसतं, तीच तर अडचण. चाळिसाव्या सेकंदाला कोरस, म्हणजे गाण्याचं ध्रुवपद, कडक इस्त्री करून दारात उभा. अरे बाबा, जरा वाट तरी बघायला लाव!

वाट बघण्यावरून आठवलं. अकरावीत असताना डेक्कनवरच्या एका दुकानातून मी युरोप या बँडचा 'द फायनल काउंटडाउन' कॅसेटवर भरून घेतला होता. पैसे वाचवायला साठ मिनिटांची कॅसेट दिली आणि दुसऱ्या बाजूला बॉन जोवी भरायला सांगितलं. एका बाजूला अर्धा तास, आणि अल्बम चाळीस मिनिटांचा. दुकानदारानं स्वतःच्या अकलेनं क्रम बदलला, दोन गाणी गाळली, आणि शेवटी घातलेलं 'कॅरी' ऐन भरात असताना टेप संपली. कट्. त्या गाण्याचा शेवट मी तीन वर्षांनी एका मित्राच्या घरी ऐकला. ऐकून जरा निराशच झालो. माझ्या डोक्यातला शेवट जास्त चांगला होता.

मग हीट या बँडचा 'वेलकम टू द फ्यूचर' निम्मा ऐकला. गायक केनी लेक्रेमो बँडमध्ये परत आल्यापासूनचा हा दुसरा अल्बम. ताकदीनं गातो, वादच नाही. पण ध्वनिमुद्रण इतकं ठासून भरलंय की ड्रम आणि गिटार एकमेकांच्या मांडीवर बसलेत. दहा मिनिटांत आईनं आवाज कमी करायला लावला, आणि मलाही ते हवंच होतं.

नाइट फ्लाइट ऑर्केस्ट्रा या बँडचं वेगळं. 'गिव्ह अस द मून' जानेवारीअखेर आला तेव्हापासून दर आठवड्याला एकदा तरी लागतोच. त्यांचा गायक ब्योर्न स्ट्रीड एरवी सॉइलवर्क या मेटल बँडमध्ये घसा फोडून ओरडतो आणि इथे ऐंशीच्या दशकातला पायलट असल्यासारखा छाती काढून गातो. गिटारिस्ट डेव्हिड अँडरसन २०२२ मध्ये गेला. त्यानंतरचा हा पहिलाच अल्बम, म्हणून धाकधूक होती. चमचम तशीच आहे. मधूनच एखादी जागा उदास वाटते, पण तिथे कदाचित मीच तसा ऐकत असेन.

शेवटी हॅरम स्कॅरमचा 'चेसिंग युफोरिया'. हाही फ्रंटियर्सचाच, म्हणजे मघाचा माझा राग निम्मा वाया. त्यांचा गायक हॅरी हेस आणि गिटारिस्ट पीट लेस्परन्स १९९१ च्या पहिल्या अल्बमपासून एकत्र आहेत. आजही कोरसमध्ये दोन-तीन आवाज एकावर एक चढतात तेव्हा प्रत्येक आवाज सुटा ऐकू येतो. गिटारचा सोलोही तसाच. बोटांची कसरत दाखवून झाली की बाजूला होणारा नाही, गाणं जिथे सोडलंय तिथून उचलून पुढे नेणारा. एका सोलोला माझा हात थांबला आणि सोललेली डाळिंबी सालांच्या ताटलीत गेली. आईनं बघितलं, पण बोलली नाही.

त्यांचा १९९३ चा 'मूड स्विंग्ज' याहून वरचा, हे कबूल. त्याच्याशी तुलना करत बसलो तर मात्र कुठलाच नवा अल्बम आवडायचा नाही.

आई फोडणीला उठली. मूठभर वाल उरले होते, त्यांच्यासाठी तोच अल्बम पुन्हा पहिल्यापासून लावला. सालं अजून ओट्यावरच आहेत. सकाळी बघू.