चॅट्सवर्थ: एवढ्या मोठ्या घराचा खर्च कोण करतो?

इंग्लंडमधील चॅट्सवर्थ हाउस या जुन्या वाड्याच्या छपराचा विस्तार सव्वा एकराहून अधिक आहे आणि ते शिशाच्या पत्र्याने मढवलेले आहे. आमच्या पार्ल्याच्या सोसायटीत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय निघाला की सर्वसाधारण सभा रात्री अकरापर्यंत लांबते. त्यामुळे शेफील्डला बहिणीकडे गेलो असताना ते घर पाहायला मिळाले, तेव्हा चित्रे आणि पुतळे पाहतानाही माझे अर्धे लक्ष छताच्या कोपऱ्यांकडे होते. एवढे मोठे घर पावणेपाचशे वर्षे उभे राहते ते कोणाच्या पैशावर, याचा शोध घ्यावासा वाटला आणि जे हाती लागले ते त्या दालनांइतकेच रंजक निघाले.

हे घर ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांच्या घराण्याचे. मात्र ते डेव्हनशायरमध्ये नसून डर्बीशायरमध्ये आहे. घराण्याचे आडनाव कॅव्हेंडिश. ‘बेस ऑफ हार्डविक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कर्तबगार बाईंनी आणि त्यांचे दुसरे पती सर विल्यम कॅव्हेंडिश यांनी १५४९ मध्ये ही जमीन घेतली आणि १५५२ मध्ये बांधकाम सुरू केले. राजा आठव्या हेन्रीने मठ बरखास्त करून त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली, त्या कामावरच्या अधिकाऱ्यांपैकी सर विल्यम हे एक होते, तेव्हा या वैभवाची सुरुवात कुठून झाली याचा अंदाज करणे कठीण नाही. आज दिसते ती वास्तू मात्र पहिल्या ड्यूकची. १६८७ मध्ये त्यांनी फक्त दक्षिणेची बाजू नव्याने बांधायला घेतली, त्यात ते असे रमले की १७०७ पर्यंत चारही बाजू नव्या झाल्या. घराचे काम काढले की ते ठरल्यापेक्षा वाढतेच, हा अनुभव ड्यूकलाही चुकला नाही.

चॅट्सवर्थचा सर्वांत सुरस काळ सहाव्या ड्यूकचा, कारण १८२६ मध्ये त्यांनी जोसेफ पॅक्सटन या जेमतेम बावीस वर्षांच्या तरुणाला मुख्य माळी म्हणून नेमले. रशियाचा झार पहिला निकोलस भेटीला येणार, अशी शक्यता दिसताच पॅक्सटनने १८४४ मध्ये डोंगरमाथ्यावर आठ एकरांचा तलाव खणून घेतला आणि केवळ उताराच्या दाबावर पाणी तीनशे फुटांच्या आसपास उंच उसळवणारे कारंजे सहा महिन्यांत उभे केले. त्याला पंप लावावा लागला नाही. झार आला नाही. कारंज्याला ‘एम्परर’ (सम्राट) हे नाव तेवढे चिकटून राहिले. पुढे १८९३ पासून त्याच पाण्यावर घरासाठी वीज तयार होऊ लागली. देखाव्यासाठी केलेल्या खर्चातून पुढे असा उपयोग क्वचितच निघतो.

याच पॅक्सटनने तिथे काचेचे एक प्रचंड हरितगृह बांधले. त्याच्या तळघरातील बॉयलरांना लागणारा कोळसा पाहुण्यांच्या नजरेस पडू नये म्हणून भुयारातून आणला जात असे. या अनुभवातून १८५१ च्या लंडनमधील प्रदर्शनासाठी त्याने क्रिस्टल पॅलेस उभारला. त्या इमारतीच्या कामात त्याच्याबरोबर असलेल्या रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्यानेच पुढे आपल्या काळा घोड्याच्या वॉटसन्स हॉटेलचा, म्हणजे आजच्या एस्प्लनेड मॅन्शनचा, ओतीव लोखंडी सांगाडा आखला. तो इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने मुंबईत आणला गेला. फोर्टमध्ये नोकरी करणाऱ्या आम्हा लोकांना ती इमारत रोज दिसते, पण तिची नाळ डर्बीशायरच्या एका बागेपर्यंत पोचते हे मला तरी माहीत नव्हते.

बागेचा हव्यासही तेवढाच मोठा होता. आपल्याकडे जिला उर्वशी म्हणतात, त्या ॲमहर्स्टिया नावाच्या फुलझाडासाठी ड्यूकने १८३५ मध्ये जॉन गिब्सन नावाच्या माळ्याला थेट कलकत्त्याला धाडले. तो १८३७ मध्ये झाडे घेऊन परतला. इंग्लंडमध्ये उर्वशी पहिल्यांदा फुलली ती १८४९ मध्ये, आणि तीही दुसऱ्याच कोणाच्या बागेत. केळीच्या बाबतीत मात्र चॅट्सवर्थला अपूर्व यश मिळाले. पॅक्सटनने काचघरात वाढवलेल्या बुटक्या केळीला ड्यूकच्या घराण्यावरून कॅव्हेंडिश हे नाव पडले. जळगावहून ट्रकने वाशीच्या बाजारात येणारी बसराई आणि ग्रँड नैन या दोन्ही जाती त्याच कॅव्हेंडिश गटातल्या. याच ड्यूकच्या काळात एडेन्सर हे गाव मूळ जागेवरून हलवून टुमदार घरांसह नव्याने वसवले गेले. त्याच्या आधी चौथ्या ड्यूकने घरातून दिसणारी त्याची काही घरे पाडून टाकली होती. खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्यासाठी गाव हलवण्याची सत्ता एका कुटुंबाच्या हाती असणे ही गोष्ट मला कौतुकाची वाटत नाही.

विसाव्या शतकात चित्र पालटले. पहिल्या महायुद्धात कोळशाअभावी हरितगृहातील झाडे मेली आणि १९२० मध्ये ते सुरुंग लावून पाडावे लागले. दुसऱ्या महायुद्धात घरात मुलींची शाळा भरत होती. खरा घाव बसला तो १९५० मध्ये. दहाव्या ड्यूकने वारसा कर टाळण्यासाठी मालमत्ता आधीच हस्तांतरित केली होती, पण कायद्याप्रमाणे त्यानंतर पाच वर्षे हयात राहणे आवश्यक होते. ती मुदत पुरी व्हायला सुमारे चौदा आठवडे उरले असताना त्यांचा मृत्यू झाला आणि सरकारने ८० टक्के कर मागितला. थोरला मुलगा १९४४ मध्येच युद्धात मारला गेला होता, म्हणून हे ओझे धाकट्या अँड्र्यूवर, म्हणजे अकराव्या ड्यूकवर आले. हजारो एकर जमीन विकली गेली, कितीतरी मौल्यवान चित्रे आणि ग्रंथ सरकारजमा झाले, आणि बेसने स्वतःसाठी बांधलेले हार्डविक हॉलही १९५९ मध्ये नॅशनल ट्रस्ट या वारसा वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे गेले. हा हिशेब पुरता मिटायला दोन दशके लागली.

आजची व्यवस्था त्या धक्क्यातून जन्मली. १९८१ मध्ये एक सार्वजनिक धर्मादाय ट्रस्ट स्थापन करून घर, बाग आणि भोवतालचे उद्यान दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने त्याच्याकडे देण्यात आले. ड्यूकचे कुटुंब आपल्याच पूर्वजांच्या घरातील काही खोल्यांत राहते आणि त्याचे भाडे ट्रस्टला भरते. पागडीच्या घरात तीन पिढ्या काढलेल्या गिरगावकराला ही गोष्ट सांगितली तर तो आधी हसेल आणि मग भाडे किती ते विचारेल. तिकिटाचा पैसा ट्रस्टकडे येतो आणि देखभालीवर खर्च होतो. अकराव्या ड्यूकच्या पत्नी डेबोरा यांनी १९७३ मध्ये शहरी मुलांना गाईची धार काढताना दाखवणारे गोठ्याचे अंगण आणि १९७७ मध्ये इस्टेटीतील मालाचे दुकान सुरू केले. ड्यूकच्या पत्नीने दुकानदारी करावी का, असा संकोच बाईंनी केला नाही, हे त्या घराचे नशीब.

देखभालीची कामे पाहण्यासारखी असतात. उन्हाने भिंतींवरचे रेशीम आणि पडदे विरतात, म्हणून खिडक्यांवरची पडदी दिवसभर खालीवर करत उजेड बेतात ठेवला जातो. एका दाराच्या आत दुसऱ्या दारावर खुंटीला अडकवलेले व्हायोलिन दिसते, ते निव्वळ रंगवलेले आहे. तारांची सावलीसुद्धा इतकी खरी की हात पुढे जातोच. म्हणून ते लांबूनच पाहावे लागते. नाताळची सजावट उतरली की घर पाहुण्यांना बंद होते आणि हिवाळाभर झाडलोट, डागडुजी चालते. दहा वर्षांहून अधिक चाललेले आणि २०१८ मध्ये संपलेले मोठे दुरुस्तीकाम ३ कोटी २० लाख पौंडांचे होते. त्यात दगडावरची काजळी निघाली आणि खिडक्यांच्या चौकटींना पुन्हा सोन्याचा वर्ख चढला.

एस्प्लनेड मॅन्शनच्या वाट्याला यातले काहीच आले नाही. मालक एक, भाडेकरू अनेक, भाडे गोठलेले आणि दुरुस्ती कोणाची हा वाद न्यायालयात. शेवटी २०१९ मध्ये ती धोकादायक म्हणून रिकामी करावी लागली. चॅट्सवर्थच्या मागे हजारो एकरांची इस्टेट आहे, त्यामुळे तो नमुना जसाच्या तसा इथे चालणार नाही. पण दुरुस्तीचा पैसा कोणत्या खात्यातून येणार हे आधी ठरवून ठेवणे आपल्याला अशक्य आहे, असे मला वाटत नाही.

कोणी जाणार असेल तर शेफील्डहून बस मिळते. घर आणि बाग यांचे एकत्र तिकीट काढावे, आधी घर उरकून बागेला उरलेला सगळा दिवस द्यावा, आणि वारा जोरात असेल तर कारंजे बंद ठेवतात हे लक्षात असू द्यावे.