एसटी धंद्यासारखी का चालवत नाहीत?

एसटीच्या आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून नोकरी झाली, त्यामुळे हा प्रश्न मला हमखास येतो: त्याच रस्त्यावर ट्रॅव्हल्सवाले कमावतात, मग एसटीच तोट्यात कशी? तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

ट्रॅव्हल्सवाल्याची खरी कमाई गिऱ्हाईक निवडण्यात असते. दिवाळीत पुणे–नागपूर धरायचं, एरवी बुकिंग नसेल तर गाडी उभी. (२०१८पासून त्यांच्या भाड्याला एसटीच्या दीडपट अशी मर्यादा आहे, म्हणजे मोजपट्टी पुन्हा एसटीचीच!) 'गाव तिथे एसटी' म्हणणाऱ्याला ही मुभा नाही.

आमची एक मुक्कामी गाडी होती. संध्याकाळी तालुक्याहून निघाली की फाट्यापर्यंत खचाखच, फाट्यावर रिकामी व्हायची आणि पुढे वाडीपर्यंत सात-आठ डोकी. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच पथारी टाकायचे. पहाटे तीच गाडी शाळा-कॉलेजच्या पोरी, दुधाच्या किटल्या आणि दवाखान्याला निघालेली म्हातारीकोतारी घेऊन तालुक्याला. संध्याकाळच्या फेरीचा शेवटचा टप्पा भारमानाच्या, म्हणजे गाडी किती भरली त्याच्या, तक्त्यात कधीच वर आला नाही. धंद्याच्या हिशेबात तोच आधी तुटेल. पण संध्याकाळी परतायची सोय नसेल तर कोणता बाप सकाळी पोरीला धाडेल? मग सकाळची भरलेली फेरीही गेली. वाडीची माणसं वडापला, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खासगी जीपला, लागली की फाट्यापर्यंतचं भारमानही उतरतं. तक्ता प्रत्येक फेरी सुटी जोखतो, गावं मात्र दोन्ही फेऱ्या धरून दिवस आखतात.

राहिल्या सवलती. २०२२च्या ऑगस्टपासून पंच्याहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत, १७ मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट. निर्णय सरकारचा, तेव्हा भरपाईही सरकारनेच द्यायची. त्या पैशाला लोक मदत म्हणतात. मला ते मंत्रालयाने काढलेलं तिकीट वाटतं, आणि तिकिटाचे पैसे वेळेवर यायला हवेत.

धंदेवाईक शिस्तीला माझा विरोध नाही. सुटे भाग वेळेत मिळावेत, स्थानकं झाडलेली असावीत, शिवनेरीचं भाडं परवडणाऱ्याकडून जरूर घ्यावं. खासगी गाड्या भाड्याने घ्यायलाही हरकत नाही, पण मुंबईत बेस्टचं काय झालं ते बघा. गाडी आणि ड्रायव्हर कंत्राटदाराचे, मार्ग आणि तिकीट बेस्टचं. परवडेना म्हणून काही कंत्राटदार गाड्या काढून घेऊन गेले, आणि थांब्यावरचा माणूस बेस्टच्या नावाने बोटं मोडत राहिला.

तरीही खासगी करायचीच असेल तर निविदेत एक अट घाला. पुणे–मुंबई ज्याला हवी, त्याने वाडीची मुक्कामीही चालवायची. फेरी चुकली की दंड, मग दिवाळी असो वा आखाड.